पाण्यावर चालणारी गाडी आणि सारखी बसणारी बॅटरी

सांगलीचा पूर आणि कोयनेचा फुगवटा, दोन्ही आपल्या वाचकांच्या दाराशी आहेत. त्यामुळे जमिनीवर आणि पाण्यावर चालणाऱ्या सहाचाकी-आठचाकी गाड्यांबद्दल विचारणा होत असते. या वेळी निवडलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: चार्जिंग पडत नाही. रस्त्यावरच्या गाडीची बॅटरी बसली तर फार तर खोळंबा होतो. या गाडीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंपही त्याच बॅटरीवर चालतो. एक्सलच्या सीलमधून थोडंफार पाणी आत येतच असतं आणि पंप थांबला की ते साचत जातं. म्हणून पाण्यात जाणाऱ्या गाडीचं चार्जिंग "बघू नंतर" म्हणून सोडू नये.

प्रश्न : आमच्या पथकाकडे सहाचाकी गाडी आहे. पेट्रोल इंजिन, दोन सिलिंडर, २० अँपिअरचं चार्जिंग. नवी बॅटरी टाकली की काही दिवस बरं चालतं, मग सेल्फ मारला की नुसता खट आवाज येतो. कोरड्यात कधी १३.९ व्होल्ट दिसतात, पाण्यातून आल्यावर १२.३ च्या वर काटा जात नाही. मेकॅनिक म्हणतो कॉईल प्लेट गेली, बाहेरून मागवावी लागेल. ही तिसरी बॅटरी आहे. मागवावी का? (भिलवडी, जि. सांगली)

लगेच मागवू नका. कोरड्यात १३.९ दिसतात हे तुम्हीच लिहिलं आहे. जळालेली कॉईल वाळली म्हणून बरी होत नाही. पाण्यानंतर बिघडणारं आणि वाळल्यावर सुधारणारं चार्जिंग बहुतेक वेळा जोडांत अडकलेलं असतं: अर्थिंग, कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा फ्यूज होल्डर.

आधी वीज कुठून कुठे जाते ते पाहू. इंजिनाच्या फ्लायव्हीलला आतून मॅग्नेट असतात आणि त्यांच्या आत कॉईल प्लेट घट्ट बसवलेली असते. मॅग्नेट फिरले की कॉईलच्या दोन वायरींतून एसी निघतो आणि आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमध्ये जातो. तिथे त्याचा डीसी होतो आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.७ वर धरलं जातं. पुढे एक लाल वायर फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला जाते. परतीचा रस्ता मात्र बहुतेक युनिटांत वेगळ्या वायरीने नसतो. तो आरआरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून, त्याच्या बोल्टातून आणि फ्रेममधून असतो.

इथेच ही गाडी जीप-ट्रॅक्टरपेक्षा वेगळी पडते. तिची बॉडी, म्हणजे तरंगणारा टब, प्लास्टिकचा असतो. कुठेही बोल्ट मारला आणि अर्थ मिळाला असं इथे होत नाही. आत लोखंडी फ्रेम असते, पण तिला रंग दिलेला असतो आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. इंजिन, फ्रेम आणि बॅटरीचा मायनस यांना बांधून ठेवणारी एक-दोन जाड वायर किंवा विणलेली पट्टी, एवढंच काय ते अर्थिंग. ती बहुधा टबाच्या तळाशी असते आणि गाळपाणीही तिथेच साचतं.

तपासणी पुढच्या क्रमाने करा. गाडी उघड्यावर घ्या आणि टबाचं झाकण काढून आत वारा खेळू द्या. आत पेट्रोलची वाफ साचते आणि बॅटरीच्या टोकाशी ठिणगी पडायला वेळ लागत नाही. गियर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, चाकांना दगड. बेल्ट उघडा असेल तर सैल कपडे नकोत.

पहिली बॅटरी. ती बाहेर काढून चार्जरवर लावा. ३० अँपिअर-अवरची असेल तर ३ अँपिअरने दहा-बारा तास. मग काही तास नुसती ठेवा आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. १२.६ किंवा जास्त हवे. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली जाता कामा नये. बॅटरी महिनोन् महिने अर्धवट चार्जवर राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी ती टिकत नाही. तुमच्या आधीच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्या बिघाडाचं कारण नव्हत्या, बिघाडाने त्या मारल्या.

दुसरं, चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना व्होल्टेज. रेस ३,००० आरपीएमच्या आसपास धरा. १३.८ ते १४.७ हवे. मग हेडलाइट लावा. थोडं उतरेल, पण १३.५ च्या वर टिकायला हवं. आकडा १२ च्या घरात राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर इंजिन लगेच बंद करा. तेव्हा आरआर जास्त व्होल्टेज सोडतंय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी उकळते आहे असं समजा आणि तिच्याजवळ वाकू नका.

तिसरी तपासणी तुमच्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सहसा कोणी करत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, रेस तीच. मीटरची लाल पिन आरआरच्या लाल वायरीच्या कपलरमध्ये मागून खुपसा आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस खांबाला लावा. क्लॅम्पला नव्हे, खुद्द शिशाच्या खांबाला. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसावेत. जास्त असेल तर त्या वायरीत, कपलरमध्ये किंवा फ्यूज होल्डरमध्ये तेवढे व्होल्ट खर्ची पडतायत. आता एक पिन बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरी आरआरच्या अंगाला, रंग नसलेल्या जागी लावा. इथे ०.१ च्या आत हवं. आरआर १४.४ धरतं ते त्याच्या स्वतःच्या अंगापासून मोजून. वाटेत एका बाजूला ०.८ आणि दुसऱ्या बाजूला ०.९ गळत असतील तर बॅटरीपर्यंत १२.७ च पोचतात. कॉईल ठणठणीत, आरआर ठणठणीत, आणि बॅटरी उपाशी.

ही मोजणी दोनदा करा, एकदा गाडी पूर्ण कोरडी असताना आणि एकदा पाण्यातून आणल्या आणल्या. फरक दिसला तर दोष तिथेच आहे. आरआरचे बोल्ट सोडा, खालचा रंग काचपेपरने धातू चकाकेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. शिवाय आरआरच्या एका बोल्टापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर टाका. खर्च किरकोळ आहे. रंग दिलेल्या फ्रेमवर यापुढे अवलंबून राहावं लागत नाही.

कपलर उघडून पाहा. पितळी पिनांवर हिरवट बुरशी दिसली तर नुसता स्प्रे मारून भागणार नाही. वायरीचं इन्सुलेशन पिनेपासून बोटभर मागे सोला. आतल्या तारा काळ्या पडल्या असतील तर पाणी वायरीच्या आतून वर चढलं आहे, म्हणून लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नवा जोड क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड या गाडीत एक पावसाळाही काढत नाही. टेपच्या आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि जोड आतून कुजत राहतो.

एवढं करून चार्जिंग आलं नाही तरच कॉईलकडे वळा. इंजिन बंद करून कॉईलच्या दोन वायरी आरआरपासून सोडवा, मीटर एसी २०० वर ठेवून त्या दोन टोकांना लावा, इंजिन चालू करून रेस ३,६०० पर्यंत न्या. या गटातल्या २० अँपिअरच्या कॉईल साधारण २६ ते २८ व्होल्ट एसी किंवा जास्त देतात. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला धरा. एवढा मिळाला तर कॉईल चांगली आहे आणि संशय आरआरवर जातो. निम्माशिम्मा मिळाला तर कॉईल किंवा मॅग्नेट. ही मोजणी इंजिन चांगलं तापल्यावर पुन्हा करा, कारण थंड असताना नीट वाटणारी कॉईल गरम झाल्यावर दगा देऊ शकते. त्याच वायरींचा ओहम मोजून निकाल देऊ नका. चांगल्या कॉईलचा रोध ०.१ ते ०.२ ओहम असतो आणि स्वस्त मीटरच्या पिनांचाच तेवढा भरतो. प्रत्येक वायर आणि इंजिनाचं अंग यांच्यात मात्र जरूर मोजा. तिथे मीटरने कसलाही जोड दाखवता कामा नये. काही ओहम दिसले तर कॉईल अर्थ झाली आहे आणि मग ती बदलावीच लागेल.

आरआर बदलण्याआधी त्याच्या लाल वायरीवर बॅटरीचे व्होल्ट येतात का ते पाहा. काही गाड्यांत ते चावी चालू केल्यावरच येतात. या प्रकारची बरीच युनिटं तिथे बॅटरीचं व्होल्टेज मिळाल्याशिवाय चालूच होत नाहीत. फ्यूज उडाला असेल, किंवा बॅटरी अगदी मेली असेल आणि जंपर केबलने इंजिन चालू करून केबल काढली असेल, तर चांगलं आरआरही गप्प बसतं. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून "चार्जिंग पडतंय का" पाहण्याची जुनी सवय इथे नको. त्या एका झटक्यात आरआर जातं, इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि आरआरचा कपलर काढा.

शेवटचं, आरआर कुठे बसवलंय ते पाहा. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा लेप त्याच्या पंख्यांवर, म्हणजे फिन्सवर, वाळला की उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले डायोड भाजतात. शक्य असेल तर ते टबात वरच्या बाजूला, वारा लागेल अशा जागी हलवा आणि वायरी खालून वर आत जातील अशा वळवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून कपलरमध्ये न जाता खाली टपकेल.

प्रश्न : रात्री पाण्यात एका जागी थांबावं लागतं. इंजिन स्लोवर चालू असतं, लाइट आणि पंप चालू असतात, तरी तासाभरात बॅटरी उतरते. चार्जिंग तपासलं, १४.२ येतात. मग उतरते कशी? (तापोळा, जि. सातारा)

तुमचं चार्जिंग ठीक आहे, खर्च जमेपेक्षा जास्त आहे. २० अँपिअर हा आकडा पूर्ण रेसवरचा असतो. स्लोवर, म्हणजे १,२०० आरपीएमच्या आसपास, कॉईल त्याच्या बरीच खाली असते. आता खर्च मोजा. ३५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे जवळपास ६ अँपिअर. १०० वॅटचा हॅलोजन सर्चलाइट ८ च्या वर. बिल्ज पंप २ ते ३. रेडिएटरचा पंखा चालू झाला की आणखी ८ च्या आसपास. इंजेक्शन, पेट्रोल पंप आणि इग्निशन मिळून सुमारे ५. बेरीज ३० च्या घरात जाते. एवढं तर पूर्ण रेसवरही भागत नाही.

हॅलोजन काढून चांगल्या प्रतीचे, पाण्यात चालणारे एलईडी लावा. तिन्ही दिवे मिळून ५ अँपिअरच्या आत बसतात. थांबल्यावर गियर न्यूट्रलला ठेवून रेस २,००० च्या वर धरा. विंचचा, म्हणजे दोर ओढणाऱ्या मोटरचा, हिशेब वेगळा ठेवा, कारण जोरात ओढताना ती १५० अँपिअर आणि त्याहून जास्त घेते. मिनिटभर ओढलं की बॅटरीतून अडीच अँपिअर-अवर गेले आणि ते भरून निघायला चांगल्या रेसवर १५-२० मिनिटं लागतात. विंच स्लोवर कधीच वापरू नये.

डॅशवर एक डिजिटल व्होल्टमीटर बसवा आणि त्याची वायर थेट बॅटरीवरून घ्या, चावीने चालू-बंद होईल अशी, वाटेत फ्यूज घालून. इंजिन चालू असताना आकडा १३ च्या खाली आला तर दिवे कमी करा. १२.४ झाले की काठाकडे वळा. या गाड्या पाण्यात नुसत्या चाकांच्या जोरावर माणसाच्या चालीने सरकतात. परतीला किती वेळ लागेल हे धरूनच तो निर्णय घ्या आणि इंजिन मधे बंद करू नका. टबात हातपंप आणि बादली ठेवाच, बॅटरी कितीही नवी असली तरी.

प्रश्न : आठचाकी डिझेल गाडी आहे, तिला कारसारखा अल्टरनेटर आहे. सकाळी चालू केल्यावर चार्जिंग येत नाही. एकदा जोरात रेस दिली की येतं आणि मग दिवसभर राहतं. अल्टरनेटर दुरुस्त करून आणला, फरक नाही. (कराड)

डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा पाहा. तो उडालाय का, किंवा मीटरचे बल्ब बदलताना तिथे एलईडी टाकलाय का? अशा अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना त्या बल्बमधून येणाऱ्या बारीक प्रवाहानेच मिळते. २-३ वॅटचा साधा बल्ब तेवढा प्रवाह सोडतो, एलईडी सोडत नाही. मग रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, उरलेल्या चुंबकत्वावर, जोरात रेस दिल्यावरच, अल्टरनेटर जागा होतो. साधा बल्ब परत टाका. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. चावी चालू केली की दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बल्बपासून अल्टरनेटरपर्यंतची बारीक वायर कुठे तुटली आहे ते शोधा. बेल्टचा ताणही पाहून घ्या, ओला बेल्ट घसरला तरी चार्जिंग जातं. पण तो दोष रेस दिल्यावर बरा होत नाही, उलट किंचाळतो.

प्रश्न : कॉईल प्लेट खरोखर जळाली असेल तर इथे रिवाइंड करून चालेल का? (मिरज)

चालेल, पण करणाऱ्याला कामाचं स्वरूप नीट सांगावं लागेल. आपल्याकडे शेतीपंपांमुळे वाइंडिंग करणारे कसबी कारागीर गावोगावी आहेत. अडचण तारेची आहे. पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबल मोटरला प्लास्टिकच्या वेष्टणाची तार वापरतात, कारण तिला सगळीकडून पाण्याचा गारवा मिळतो. फ्लायव्हीलच्या आत तसा गारवा नाही. तिथे ते वेष्टण मऊ पडतं, शिवाय जाडीमुळे पुरेसे वेढे बसत नाहीत. इथे १८० अंश सेल्सिअसची, म्हणजे एच क्लासची एनॅमल तार हवी.

जुनी तार सोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या. शेजारशेजारच्या दोन पोलांवर (प्लेटच्या दातांवर) तार उलटसुलट दिशेने गुंडाळलेली असते. एक पोल जरी चुकीच्या दिशेने गुंडाळला तरी तो बाकीच्यांच्या विरुद्ध काम करतो आणि व्होल्टेज पडतं. जळका थर जाळून साफ करून तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा. एका पोलावरचे वेढे हाताने सोडत मोजा आणि दुसऱ्या पोलावर खात्री करा. "दोन वेढे जास्त घालू, चार्जिंग वाढेल" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. वेढे वाढवले की तार बारीक घ्यावी लागते, व्होल्टेज चढतं पण प्रवाह कमी मिळतो. कमी वेढे घातले तर स्लोवर काहीच मिळत नाही. गुंडाळून झाल्यावर वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजून घ्या. नुसतं ब्रशने वार्निश लावलं तर तारा इंजिनाच्या थरथरीने एकमेकींवर घासतात आणि एनॅमल उडतं. बसवताना कॉईलचा कुठलाही भाग मॅग्नेटला टेकत नाही हे फ्लायव्हील हाताने फिरवून पाहा.

फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा. हातोड्याने मॅग्नेट तडकतात किंवा त्यांचा गोंद सुटतो, आणि सुटा मॅग्नेट नवी कॉईल पहिल्याच दिवशी फाडतो. फ्लायव्हील उघडलंच आहे तर प्रत्येक मॅग्नेट बोटाने दाबून पाहा. नट आवळताना पुस्तकातला टॉर्क पाळा. सैल राहिला तर फ्लायव्हीलला शाफ्टवर जागी धरणारी छोटी चावी कातरते आणि इंजिनाचं टायमिंगच बिघडतं.

प्रश्न : पावसाळा संपला की गाडी शेडमध्ये उभी राहते. महिन्याभराने पाहावं तर बॅटरी शून्य. (पलूस)

आधी गळती मोजा. चावी बंद ठेवून बॅटरीची मायनस वायर सोडा, मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून खांब आणि वायर यांच्यामध्ये जोडा. सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल. २० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ५० असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ३० ची बॅटरी पंचवीस दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या लाइनीत गळती आहे. बिल्ज पंपाचा आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच पहिल्यांदा पाहा. तो थेट बॅटरीवर जोडलेला असतो आणि गाळाने अडकला तर पंप कोरडाच चालत राहतो.

उभी करताना तळाचे ड्रेन प्लग काढून गाडी थोडी कलती ठेवा, गाळ धुऊन टाका, मायनस सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावा. उसाच्या पट्ट्यात तोड झाली की उंदीर शेडकडे वळतात. टबात त्यांना कोरडी ऊबदार जागा मिळते आणि फ्लायव्हीलभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाखाली ते घर करतात. पावसाआधी ते आवरण काढून आतला काडीकचरा साफ करा आणि कॉईलच्या दोन वायरी कपलरपर्यंत बोटाने चाचपून पाहा. कुरतडलेली वायर बदला. ड्रेन प्लग परत बसवल्याशिवाय गाडी पाण्याकडे नेऊ नका. काढलेले प्लग हरवू नयेत म्हणून चावीलाच बांधून ठेवा.